आपल्याकडे बटाटे नव्हते

ता. ११, मंगळवार, दुपारचे तीन

चि. बारकीस,

आशीर्वाद. तू मागितले नाहीस, पण आईच्या पत्रात ते पहिल्या ओळीत लागतात, म्हणून उरकून टाकले. माझी तब्येत ठीक. गुडघे आपल्या मर्जीने वागतात. दात दोन राहिलेत, त्यांचंही आपसात पटत नाही. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण तू बरं असलं तरी कळवत नाहीस आणि नसलं तरी कळवत नाहीस.

मी चौथीत शाळा सोडली हे तुला माहीत आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसू नकोस. हे पत्र मी तीन दिवस लिहितेय. मध्येच घडी घालून बाजूला ठेवू नकोस. खरी गोष्ट मागे आहे.

तुझ्या भावाचं एक जाड पाकीट तुला येईल. आत कागद आहे. या दोन खोल्या विकायला तुझी हरकत नाही, असं त्यात लिहिलंय. बाबांनी खोल्या तुम्हा दोघांच्या नावावर केल्या, म्हणून त्याला तुझी सही लागते. माझी लागत नाही. मी इथं नुसती राहते.

बेत असा आहे की मी दोन बॅगा घेऊन त्याच्याकडे जायचं आणि माझं सिनेमांच्या डिस्कांचं कपाट भंगारात जायचं. परवा रविवारी तो भंगारवाल्याला घेऊनच आला. मागून सूनबाई, हातात रिकामे खोके.

मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. किल्ली कमरेला.

"आई, ऊठ," तो म्हणाला. "हे सगळं आता फोनवर मिळतं."

"मग तूही फोनवरच येत जा," मी म्हटलं. "जिने चढायचा त्रास वाचेल."

सूनबाई वाईट नाही, पण तिला वाटतं हळू बोललं की माणूस ऐकतं. म्हणाली, "आई, आमच्या हॉलमध्ये केवढा मोठा टीव्ही आहे. आणि तुम्हाला इंग्रजी तरी कुठं कळतं?"

"तुझे सासरे चाळीस वर्षं माझ्याशी आपल्या भाषेत बोलले," मी म्हटलं, "तेव्हा तरी मला सगळं कुठं कळलं?"

भंगारवाला शहाणा निघाला. म्हणाला, "आजी, तुमचं घरचं ठरू दे, मी चहा पिऊन येतो." अजून चहा पितोय. तुझा भाऊ जाताना म्हणाला, "बारकीची सही आली की मग मी तुझं ऐकणार नाही." खोके इथंच टाकून गेला. एकात मी कांदे भरलेत.

आता तू म्हणशील, ही म्हातारी गोऱ्या लोकांच्या जुन्या सिनेमांसाठी पोराशी भांडते. तर मग कपाटाचं सांगते. तू हे घर सोडून गेलीस तेव्हा ते नव्हतं.

बाबांच्या थिएटरात सकाळच्या खेळाला कसले सिनेमे लागायचे ते तुला आठवत असेल. इंग्लंडचे, काळे-पांढरे. त्यात सारखा पाऊस, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, आणि मोठ्याने कुणीच रडत नाही. दुसरं कुणी मागायचं नाही म्हणून मॅनेजरला ते मिळायचे. बाबा सिनेमा दाखवायचं मशीन चालवायचे आणि मी मागच्या स्टुलावर बसून रिळं जोडायची. पट्टी तुटली की कडा ब्लेडने खरवडायची, चिकटवायच्या सोल्युशनचं बोट फिरवायचं, दाबून दहापर्यंत मोजायचं. माझा जोड पडद्यावर कधी उडाला नाही. बाबा म्हणायचे, हिचा जोड मशीनलासुद्धा कळत नाही.

आणि मी कापायचीही. दुपारचा खेळ वेळेवर सुरू करायचा म्हणून मॅनेजर चिठ्ठी पाठवायचा, आज दहा मिनिटं कमी करा. कुठली दहा ते त्याला काय? मीच ठरवायची. नियम एकच होता. कापलेला तुकडा फेकायचा नाही. बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा, आणि रिळांचा डबा कंपनीकडे परत जाण्याआधी जागच्या जागी जोडून द्यायचा. तू शाळेतून आलीस की त्या डब्यातले तुकडे खिडकीच्या उजेडात धरून बघायचीस. तोच डबा. झाकणाला गंज आलाय, बाकी धड आहे.

बाबांची नजर पुरती गेली तेव्हा ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. माझ्याने ते बघवेना असं मी म्हणणार नाही, मला त्याचा राग यायचा. एक दिवस बाजारात घड्याळवाल्याच्या शेजारी डिस्कवाल्याचं दुकान दिसलं. मी विचारलं, ते टोप्यावाले सिनेमे आहेत का. तो आधी हसला, मग एक काढून दिला. वर लिहिलं होतं, रिस्टोर्ड. अक्षर अक्षर लावून वाचलं. पुन्हा स्टोअरमध्ये आलेला, असा त्याचा अर्थ मी वर्षभर समजत होते. मग त्याने सांगितलं की जुनी फिल्म शोधून आणतात, धुतात, एक एक ओरखडा काढतात, कुणी काही कापलं असेल तर जगात जिथं कुठं तो तुकडा सापडेल तिथून आणून परत लावतात. मी म्हटलं, एवढा उद्योग कोण करतं? तो म्हणाला, "आजी, तुमच्यासारखंच कुणीतरी वेडं."

डिस्क लावायचं मशीन घेतलं. बाबांच्या शेजारी बसून मी पडद्यावरचं सांगायची. आता बाई जिन्यावर आहे. आता गाडी आली. आता तो टोपी काढतोय, म्हणजे कुणीतरी मेलं. बाबा मध्येच थांबवायचे, "अगं, टोपी आधी नाही, आधी दार." बरोबर निघायचं. सगळी रिळं त्यांना कानाने पाठ होती. डिस्कवाला सांगून सांगून मागवून द्यायचा. कपाट असं भरलं. ज्या घरात माणूस भिंतीकडे बघत होतं, त्या घरात ते दुपारी माझ्याशी वाद घालायला लागलं. तुझा भाऊ याला भंगार म्हणतो.

एक सिनेमा होता, एक विधवा खोल्या भाड्याने देते आणि तिच्याकडे एक माणूस राहायला येतो. आपल्याकडे आठ दिवस लागला होता. शेवटी तो माणूस सगळं सोडून स्टेशनवर धावत जातो आणि ते का, ते कुणालाच कळलं नव्हतं. लोक म्हणाले, हिरो येडा आहे. त्याची डिस्क आली. आम्ही लावली. मधेच बाबांनी हात वर केला.

"हे काय पडतंय पाण्यात?"

"बटाटे," मी म्हटलं. "ती बटाटे सोलतेय."

"आपल्याकडे बटाटे नव्हते."

ती बाई चार मिनिटं बटाटे सोलते आणि बोलते. मला शब्द कळत नव्हते. बाबांना थोडं इंग्रजी समजायचं. ती त्याला सगळं सांगत होती, म्हणून तर तो शेवटी धावतो. ते ऐकून बाबा म्हणाले, "हे कुणी कापलं होतं?"

"मी. मला वाटलं, नुसतं स्वयंपाकघर आहे."

"आणि परत जोडलं नाहीस?"

"विसरले. तुकडा अजून डब्यात असेल."

तुझे बाबा एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं, त्या कामाला ते डोळे अजून चालत होते. मग म्हणाले, "जाऊ दे. आता लावलंय ना परत? मग झालं."

बिस्किटाचा डबा तिथंच होता, हाताच्या अंतरावर. त्यात बटाट्यांचा तुकडा होता आणि आणखी एक होता. मी उठले आणि चहा ठेवला.

त्या दुसऱ्या तुकड्याचं सांगायला तीन दिवस लागले.

बारा वर्षांपूर्वी बाबांना कडेचं दिसेनासं झालं. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, आणि बाबांना तो नकोच होता. म्हणायचे, फोनवर माणूस खोटं बोलतं, पत्रात बोलत नाही. तुझी पत्रं मी वाचून दाखवायची, तुला उत्तरं मी लिहायची. एकदा ते म्हणाले, "बारकीला विचार, ती काम करते त्या दवाखान्यात डोळ्यांचं कुणी आहे का." मी ते लिहिलं नाही. डोळ्यांना जरा त्रास आहे, एवढंच लिहिलं.

तरी तू न विचारता चौकशी केलीस. तुझं पत्र आलं. काचबिंदू असेल, गेलेली नजर परत येत नाही पण उरलेली राखता येते, डॉक्टर म्हणतात उशीर करू नका, दोघंही माझ्याकडे या, खोली तयार आहे. शब्दन् शब्द मला पाठ आहे.

तुझा भाऊ रविवारी आला की बाबा त्याच्याकडूनही पत्र पुन्हा वाचून घ्यायचे. म्हणजे मी तोंडाने गाळून भागलं नसतं. मी कात्री घेतली. तू कागदाच्या एकाच बाजूला लिहितेस, ती सवय माझ्या उपयोगी पडली. मधल्या सहा ओळी काढल्या, वरचं आणि खालचं डिंकाने जोडलं. तुझ्या भावाने ते दोनदा वाचलं. त्यालाही कळलं नाही.

बाबांनी विचारलं, "डोळ्यांचं काही लिहिलं नाही?"

"नाही."

"कामात असेल," ते म्हणाले.

आणि तुला मी लिहिलं, बाबा म्हणतात इथंच बरं आहे, आमची काळजी करू नये. बाबा तसं म्हणाले नव्हते. त्यांनी तुला परकं केलं असं तू समजलीस आणि पुढं हवापाणी लिहायला लागलीस. ते समजले की तुला सवड नाही. दोघंही एकमेकांना दोष न देता गप्प बसलात. मधे मी होते.

का केलं, ते सांगते, आणि ते ऐकून तुला बरं वाटणार नाही. मला कुणाच्या घरी पाहुणी व्हायचं नव्हतं. तुझ्याही. दिलेल्या खोलीत राहायचं, विचारून चूल पेटवायची, बसायची जागा दुसऱ्याने दाखवायची, हे मला जमणार नव्हतं. मला वाटलं होतं, नजर एवढ्यात काही जात नाही, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघायला त्यांच्याकडे काही उरलं नाही.

तू बाबांच्या अंत्यविधीला आलीस, दोन दिवस राहिलीस, माझ्याशी चार शब्द बोललीस. मी म्हटलं, मुलगी गर्विष्ठ झाली. त्या दोन दिवसांत तो डबा तुझ्या डोक्यावर, वरच्या फळीवर होता.

आता मी तुझ्या भावाला ज्या हट्टाने नाही म्हणते, तो हाच हट्ट. दुसरा नाही. या हट्टाने तुझ्या बाबांचे डोळे नेले हे मला कळतं. तरी मी तो सोडणार नाही. मी खुर्चीवरून उठणार नाही आणि किल्ली देणार नाही. माझ्याकडे दुसरा स्वभाव नाही आणि या वयात नवा शिवून मिळत नाही.

तू कागद सही न करता परत पाठवावास, असं मला वाटतं. ते साधं मागता आलं असतं. बाबांच्या आठवणीची दोन वाक्यं टाकली असती तर तू पाघळलीही असतीस. पण मग तू अर्धवट सिनेमा बघून ठरवलं असतंस. तसं आपल्या गावातल्या लोकांनी केलं आणि चांगल्या माणसाला येडा म्हटलं. म्हणून सोबत तुझं ते पत्र पाठवतेय आणि त्या सहा ओळीही. पत्राच्या मधोमध जोड आहे. उजवीकडून नखाने हळू उचल, सुटेल. ओळी तिथं बसवून बघ, जागा बरोबर भरते.

माफी मागत नाही. ज्यांची मागायची होती ते हसून बटाट्यांची देऊन गेले, दुसरी मी मागितलीच नाही. तुझी मागितली तर तुला ती द्यायची की नाही याचं ओझं होईल. ते माझं माझ्याकडे राहू दे.

सगळं वाचून सही करावीशी वाटली तर कर. मी तुला वाईट म्हणणार नाही. पण मग मला न्यायला तुझ्या भावाला एकट्याला पाठवू नकोस, तू ये, मला समोर बघून ने. आणि नाही केलीस तरी ये. ती डिस्क पोस्टाने पाठवणार नाही. ती बघायची तर इथं बसून बघावी लागेल, बाबांच्या खुर्चीवर. ती बाई बोलते ते मला अजून धड कळलेलं नाही. तुला इंग्रजी येतं. मला सांग.

डबा परत जायच्या आधी तुकडा जोडून द्यायचा असतो. या वेळी विसरले नाही.

बटाटे कापणारी,
तुझी आई