कॉम्प्युटर चालूच होत नाही

प्रिय नमू,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. डिलाईल रोडवरून गिरगावात पत्र टाकणारा मी बहुधा शेवटचाच माणूस. पण फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मीही सोपं तेवढंच बोलून मोकळा होतो. तब्येत ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेतो. हे पत्र जावईबापूंना लगेच दाखवू नकोस, आधी एकटीने वाच.

विषय तुझ्या कॉम्प्युटरचा आहे. त्या रविवारी तू प्राचीला घेऊन आलीस आणि म्हणालीस, आप्पा, चाळ रिकामी करायच्या आधी यातली माझी नक्षीची चित्रं तेवढी काढून ठेवा, हिला दाखवायची आहेत, पुढच्या खेपेला नेईन. मी हो म्हटलं. दोन वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. तुम्ही गेल्यावर बटण दाबलं तर पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळाच्या काळा. आणि आतून एक लांब शिट्टी. थांबून पुन्हा एक. तो आवाज ऐकून माझ्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. तो मी पूर्वी ऐकलेला आहे, आणि तूही ऐकलेला आहेस.

मला जे जे येतं ते सगळं करून पाहिलं. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, वायरी काढून पुन्हा खोचल्या, पडद्याची केबल आवळली. शेवटी स्क्रू काढून झाकण उघडलं. वीस वर्षांच्या फोडणीचा आणि बोंबील तळल्याचा चिकट थर, त्यावर धुळीची लोकर, लोकरीत झुरळांची अंडी, आणि पंख्याखाली वाळून कागद झालेली एक पाल. या घाणीशेजारी मी रोज ताट घेऊन बसत होतो. जुन्या ब्रशने ते खरवडताना तीनदा मोरीवर जाऊन आलो. मिल बंद होईपर्यंत मी फोल्डिंग खात्यात कापडावरचे डाग शोधायचं काम केलं, त्यामुळे घाण मला लांबून दिसते आणि जवळून सोसत नाही. तुझी आई म्हणायची, देवान ह्यांका नाकच मोठा दिलेला. लोक हसायचे. मीही कौतुक समजून हसायचो.

मग रॅमची पट्टी काढली, खोडरबराने तिचे पिवळे दात घासले आणि दोन्ही बाजूच्या खिट्ट्या टक् वाजेपर्यंत दाबून बसवली. हे मला गौतमने शिकवलेलं, हा कॉम्प्युटर जोडून दिला तोही त्यानेच. पावसाळी हवेत कॉम्प्युटर असाच शिट्ट्या मारायला लागला की तो तळमजल्यावरून धावत यायचा. एकदा म्हणाला, काका, दर वेळी मला कशाला हाक मारता, बघा, इतकं सोपं आहे. त्याने माझ्या हाताने दोनदा करून घेतलं. पण यंदा खोडरबर घासूनही शिट्टी काही थांबली नाही. नाक्यावरचा एक मेकॅनिक बोलावला. तो चपला न काढता आत आला, तुझ्या आईच्या खाटेवर बसला, गालात गुटखा धरून म्हणाला, अंकल, ये तो कबाड है, फेक दो, आणि गॅलरीतून खाली पचकन थुंकला. मी त्याला तसाच बाहेर काढला. अख्खी चाळ आता अशीच झाली आहे. ज्याला त्याला वाटतं की पुढच्या महिन्यात पडणारच आहे तर थुंका.

राहता राहिला गौतम. त्याचं करी रोडला दुकान आहे हे मला माहीत होतं, आणि तू जाता जाता दारात काय बोललीस तेही माझ्या कानात होतं. तू म्हणालीस, त्या गौतमकडे मात्र नेऊ नका, त्या लोकांच्या हातात वस्तू दिली की काय होतं ते आपण पाहिलंय. प्राचीने विचारलं, कोणते लोक, आई? तू तिला म्हणालीस, चप्पल घाल. नमू, मी तिथेच उभा होतो. तुझ्या तोंडून ते ऐकताना मला जी शिसारी आली, तशी त्या पालीचीही आली नाही. ही शिसारी तुझी नव्हती. असं बोलायला तुला मी शिकवलं. कसं, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहायला बसलो आणि अजून पालीझुरळांपाशीच घुटमळतोय.

तर ऐक. आईला झटका आला ते वर्ष. तिला इस्पितळात ठेवलं, बायकांचा वॉर्ड, पुरुषांना फक्त भेटीच्या वेळेत सोडायचे. पंधरा दिवस तू तिथे जमिनीवर चादर टाकून राहिलीस. सकाळी तासभर घरी येऊन आंघोळ करायचीस, तेवढा वेळ गौतमची आई, सुंदराबाई, तुझ्या आईपाशी बसायच्या. मी दुपारी डबा घेऊन यायचो आणि वॉर्डच्या दारात उभा राहायचो, नाकाला रुमाल लावून. आत खाटेपर्यंत मी किती वेळा आलो ते तुला आठवतं का? मला आठवतं. दोनदा. आईच्या खराब झालेल्या चादरी तू पिशवीत बांधून माझ्याकडे द्यायचीस. त्या मी धुतल्या असं तुला वाटत असे. मी पिशवी तळमजल्यावर जिन्याखाली ठेवून वर यायचो. सुंदराबाई न बोलता ती उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरींची घडी आपल्या दाराशी असायची. ज्या बाईच्या घरी मी कधी घोटभर चहा घेतला नाही, दर वेळी आत्ताच झाला म्हणून टाळला, तिने माझ्या बायकोची घाण धुतली. मी तिला धुवाल का असं साधं विचारलंसुद्धा नाही.

त्याच दिवसांत तू कापडावरच्या नक्षीच्या त्या शिक्षणासाठी अर्ज केला होतास, परगावी. आईला सांगितलं नव्हतंस, ती घाबरेल म्हणून. फक्त मला सांगितलंस. मेल येईल आप्पा, बघत राहा, एवढंच. आणि रोज वॉर्डच्या दारात डबा घेताना विचारायचीस, मेल आली का? आणि मी म्हणायचो, कॉम्प्युटर चालूच होत नाही.

मेल आली होती, नमू. तू इस्पितळात गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी आली. मी कॉम्प्युटरवर पत्त्यांचा खेळ खेळत बसलो होतो. माझं इंग्रजी कसं ते तुला ठाऊक आहे, पण अभिनंदन हा शब्द कळला, तुझं नाव कळलं, आणि बावीस तारखेपर्यंत होकार कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, हेही कळलं. मी ती तीनदा वाचली. पहिल्यांदा मला अभिमान वाटला, हे खोटं नाही. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांसमोर आईची खाट आली. डॉक्टर म्हणाले होते, घरी नेल्यावर सगळं अंथरुणातच करावं लागेल. तू गेलीस तर ते कोण करणार? पाठीवरच्या जखमा कोण पुसणार, भांडं कोण देणार? मुलगी परमुलखात एकटी कशी राहील, लोक काय म्हणतील, असलं काहीही माझ्या मनात नव्हतं. ते असतं तर निदान बापाची काळजी म्हणून खपलं असतं. मला किळस वाटत होती, बस. ज्या बाईने माझं घर चाळीस वर्षं उभं ठेवलं तिच्या अंगाची किळस. ते काम माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मी ती मेल पुसून टाकली.

पुसल्यावर भीती वाटली. ते पुन्हा मेल पाठवतील, तू आंघोळीला घरी आलीस की बटण दाबशील. म्हणून झाकण उघडलं आणि गौतमने शिकवलं होतं तशी रॅमची पट्टी काढली. तू आलीस, बटण दाबलंस, शिट्टी वाजली. तू घाईने केस पुसत उभी होतीस, तुझा चेहरा पडला. जाताना गौतमला सांगून गेलीस की जरा बघ. तू दारात उभी राहून मेल आली का विचारायचीस, तेव्हा रोज ती पट्टी माझ्या शर्टाच्या खिशात असायची, रुमालाच्या मागे.

गौतम आला. मी नको म्हणायच्या आत त्याने झाकण उघडलं. रिकामी खाच त्याला एका क्षणात दिसली. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, स्क्रू जसेच्या तसे बसवले आणि म्हणाला, काका, वेळ लागेल याला, नमूला सांगतो. तो का गप्प बसला ते मला त्या वेळी कळलं नाही आणि विचारायची हिंमतही नव्हती. तारीख उलटून गेल्यावर मी पट्टी परत बसवली आणि तुला सांगितलं की लॅमिंग्टन रोडच्या एका माणसाकडून दोन मिनिटांत करून आणला, तो म्हणतो की बनवतानाच यात जुने पार्ट घातलेत. ही भर मी का घातली? कोणी विचारलं नव्हतं. पण खोटं टिकवायला एक नाव लागतं, आणि तळमजल्यावरच्या त्या खोलीतलं नाव माझ्या जिभेवर किती पटकन आलं. चाळीत कोणालाही ते लगेच खरं वाटेल हे मला पक्कं माहीत होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू संस्थेला पत्र लिहिलंस, तिकडून उत्तर आलं की तुमची निवड झाली होती, कळवलं होतं, मुदत संपली. तू तशीच तळमजल्यावर गेलीस आणि सगळ्या गॅलऱ्या ऐकत असताना गौतमला चोर म्हणालीस. सुंदराबाई दारात उभ्या होत्या. गौतमने मान वर केली ती थेट आपल्या मजल्याकडे, मी कठड्याला टेकून उभा होतो. मी आत जाऊन रेडिओ लावला. त्यानंतर आई सहा वर्षं जगली. सहा वर्षं तू तिचं सगळं केलंस, नोकरी सांभाळून, स्वतःचं लग्न लांबवून, आणि लोक मला म्हणायचे, राजाराम, मुलगी असावी तर अशी. मी मान डोलवायचो.

काल मी कॉम्प्युटर टॅक्सीत घालून करी रोडला नेला. गौतमचे केस कानाजवळ पिकलेत. ओळखलं त्याने, पण चहा विचारला नाही, बरं केलं. झाकण उघडलं, पट्टी काढली, दुसऱ्या खाचेत बसवली, मधली छोटी बॅटरी बदलली. पडदा उजळला. पहिली खाच मेली होती काका, एवढंच बोलला. तुझी चित्रं सगळी शाबूत आहेत. त्यातलं एक आंब्याच्या कोयरीचं पाहून तो म्हणाला, हे तिने मला दाखवलं होतं. मग एकेक गोष्ट नव्या डिस्कवर उतरवताना त्याने मेलचा खण उघडला आणि पुसलेल्या मेलची यादी समोर आली. पुसलेलं जात नाही, नुसतं दुसऱ्या खणात पडून राहतं, हे मला माहीत नव्हतं. सर्वात वर तीच होती. संस्थेचं नाव, तुझं नाव, चौदा तारीख. गौतमने ती वाचली. मग हळू आवाजात म्हणाला, मला वाटलं होतं तुम्ही रॅम विकली, काकींच्या औषधाला. म्हणून कोणाला बोललो नाही.

इतकी वर्षं तो मला गरजू समजत होता आणि त्यासाठी चोर ठरून घेत होता. मी त्याला म्हटलं, ती एक काढून टाक रे. म्हटलं खरंच, तुझ्यापासून लपवत नाही. त्याने माऊस माझ्याकडे सरकवला आणि दुकानाबाहेर जाऊन फुटपाथवर उभा राहिला. माझं बोट बटणावर होतं. माझ्याच बोटाची मला इतकी घाण वाटली की ते उचलून मी शर्टाला पुसलं.

मेल तशीच आहे. चित्रांसोबत त्या डिस्कवर आहे, आणि तू उघडशील तेव्हा तुला ती दिसणारच, म्हणून त्याआधी माझ्याकडून कळावं एवढ्यासाठी हे पत्र. डिस्क मी घरी आणलेली नाही. गौतमच्या दुकानात ठेवली आहे. मी त्याला म्हटलं, ती स्वतः येऊन नेईल. तो म्हणाला, काका, ती नाही येणार. रविवारी तू आधी तिथे जा, आणि प्राचीला बरोबर ने. ते लोक कोण, हे तिने तुला विचारलं होतं. तिला दाखव. दुकान आहे त्याच इमारतीत चौदाव्या मजल्यावर सुंदराबाई आहेत, गुडघे गेलेत, दिसायला कमी झालंय, पण आहेत. माझ्याकडे यायचं की नाही, ते तिथून निघताना ठरव.

तुझाच,
आप्पा