डोळे मिटून केलेला आगे-उके

प्रिय आक्का,

न्हाय, तू पडली न्हाईस. मोरीत न्हाय, जिन्यात न्हाय, कुठंच न्हाय. आणि पडतच असशील तर दर वेळी डाव्याच हातावर कशी गं पडतीस? काल फोनवर हे विचारलं तर तू ठेवूनच दिलास. दाजी शेजारी होते, कळतंय मला. तुझा फोन सारखा स्पीकरवर असतो, तेबी कळतंय. म्हणून कागदावर लिहितेय. हा मधेच कट करता येत न्हाय.

तुला सांगितलंच न्हाय, मी कराटेला जातेय. खासबागेत, एका कार्यालयाच्या माडीवर. बी.ए. झालेली पोरगी घरात मागाच्या कांड्या भरायच्या सोडून लाथा मारायला चालली, असं आप्पा अख्ख्या वडगावला सांगत सुटलेत. क्लासमध्ये सगळी शाळेची पोरं, मीच घोडी. पट्टा पांढरा. पहिल्यांदा तर नुसतं उभं ऱ्हायलाच शिकवतात. एक गुडघा पुढं वाकवून, मागचा पाय ताठ. मांड्या लई दुखतात. मूठ वळताना मी अंगठा आत घातलता, तर वृषभ सर म्हणाले, पहिल्याच ठोशाला तुझाच अंगठा मोडंल. सर तुमच्या निपाणीकडचेच. मोजतात जपानीत, इच, नी, सान, आणि चिडले की कानडीत. आम्ही ओळीत उभं राहून हवेला मारतो.

हवेलाच मारायचं असतंय, आक्का. समोर माणूस हाय असं समजायचं. पोरं हसतात, हेडमास्तरांना आणून उभं करतात. माझ्यासमोर तसं कोणच येत न्हाय. येतीस ती तू. मारणाऱ्याच्या जागी न्हाय, माझ्याच जागी. मी पाय टाकायच्या आधी तिथं तू उभी असतीस.

आगे-उके शिकवला त्या दिवसापासनं हे चालू झालंय. वरनं येणारा वार अडवायचा असतो. हात खालनं उचलून कपाळाच्या वर आडवा न्यायचा. सरांनी करून दाखवला. हे मी आधी बघितलतं. पंचमीला तू आलतीस, खाली बसून तंबिटाचे लाडू वळत होतीस. आप्पांनी तुझ्या डोक्यावरच्या फळीवरनं तेलाची बाटली काढायला हात वर केला, आणि तुझा हात गेला वर, लाडवासकट. आप्पा म्हणाले, तुझा लाडू कोण पळवत न्हाय गं. तूबी हसलीस. पण हात वर गेला तवा तुझे डोळे गच्च मिटलते. सर आम्हाला तेवढ्यावरच ओरडतात, "डोळे मिटू नको. वार कुठनं येतोय ते बघ." मी हात वर नेला की तुझे डोळे दिसतात आणि माझेबी मिटतात. परवा क्लास सुटल्यावर सरांनी बाजूला घेऊन विचारलं, घरात कोण मारतंय का तुला. मी न्हाय म्हटलं. खोटं न्हवतंच ते. पण खडेबाजारातनं चालत आले तर दुकानाच्या प्रत्येक काचेत माझ्या खांद्यामागं तुझं तोंड.

आणि पंचमीचंच आणखी एक. जायच्या दिवशी तू मागाच्या खोलीत आईजवळ गेलतीस. सगळे माग धडधडत होते. तू काहीतरी बोललीस. आईनं कानाला हात लावून मान हलवली, ऐकू येत न्हाय म्हणून. तू तशीच वळून पिशवी उचललीस. आक्का, सासरी जाऊन इसरलीस का गं? आपल्या घरात मागापुढं कानानं कोण ऐकतंय? धागा तुटला, पाहुणे आले, जेवायला चला, लहानपणापासनं सगळं आपण ओठांवरच वाचतोय. आईला तर आपण तोंडातल्या तोंडात दिलेली शिवीबी कळायची. तिला ऐकू आलं न्हाय असं न्हाय. मी दारात कांड्या भरत होते, मलाबी दिसलं. तू म्हणालतीस, "आई, मला परत पाठवू नको."

हे पत्र मालुबाईच्या हातनं येतंय. ती आज बाजाराला साड्या घेऊन निपाणीला निघालीया, तुझ्या दारातबी येणार. निळ्या साडीच्या घडीत ठेवलंय. दाजी काय साड्या बघायला बसत न्हाईत. मी तिच्याच गाडीनं येतेय. तू हे वाचत असशील तवा मी तुझ्या गल्लीच्या तोंडाला उभी असणार. मारामारी करायला न्हाय, मला अजून पट्टासुद्धा धड बांधायला येत न्हाय. तुला घेऊन जायला येतेय. दागिने, कपडे राहू देत. साडीचा रंग उजेडात बघून येते म्हण आणि पायात चप्पल घालून बाहेर पड. आईला सकाळी सांगितलं, तर तिनं परत कानाला हात लावला. लावू दे. तुला नको म्हणायचं असेल तर गल्लीच्या तोंडाला येऊन म्हण, निरोप धाडू नको. तो घ्यायला मी घरात नसणार. मालुबाई गठुडं घेऊन बाहेर बोंबलतीया. निघाले.

तुझीच,
ऋतिका