मिरीचं पोट कायम भरलेलं

५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून रागावलीस. अगं, घर लहान, भिंती पातळ आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं ती सगळी भिंतीपलीकडेच. म्हणून हे पत्र.

हे भले आहेत. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत बिघडलेल्या लिफ्टच्या वर-खाली लटकत असतात, पण घरी आले की आधी मला विचारतात, आज दुकानात किती चष्म्यांच्या काचा घासल्यास, हात दुखले का. तक्रारीला जागा नाही. यांची लेक दहा वर्षांची. ताट उचलते, दार हळू लावते आणि माझ्याशी बसथांब्यावरच्या अनोळखी बाईशी बोलावं तशी अदबीने बोलते. रुसली, फुगली असती तर समजूत तरी काढली असती.

आणि मिरी. काळीभोर मांजर. लेकीच्या आईने पिल्लू असताना घरात आणलेली. आई वारल्यापासून मिरी लेकीच्या पायाशी झोपते. मी खोलीत आले की कपाटावर चढते. परवा कुरवाळायला गेले तर तिने मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडलं. दुकानाच्या मालकांनी विचारलं, बाई काटेरी कुंपणातून येता का.

जेवताना यांनी माझा हात पाहिला आणि सहज म्हणाले की कामावरच्या सोबत्याचं अंगण मोठं आहे, मिरीला तिकडे पाठवू. लेकीने चमचा खाली ठेवला. मी लगेच म्हटलं की कुणी कुठे जाणार नाही, पण तिने ऐकायचं ते ऐकलं होतं. तेव्हापासून तिच्या खोलीचं दार बंद.

ताई, तुझा जन्म जनावरांच्या दवाखान्यात गेला. यांना पुन्हा माझी काळजी वाटायच्या आत काहीतरी सुचव.

लोभ आहेच, तो या नव्या घरालाही पुरेल एवढा असू दे.
तुझी,
धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चाळिशी उलटल्यावर लग्न केलंस आणि पहिली तक्रार ना नवऱ्याची, ना सासूची, मांजराची! पत्र दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. रागावू नकोस, तू इतक्या लांब, तेवढीच तुझी सोबत.

आता ऐक. तू तिच्याकडे जाऊ नकोस, तिला येऊ दे. बिनमिठाची उकडलेली कोंबडी घे, वाटाण्याहून लहान तुकडे कर. तिच्या जेवणाआधी, भुकेच्या वेळी, जमिनीवर बस, तीही जरा कडेला तोंड करून. डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे मांजरांच्यात भांडणाचं आमंत्रण. जिभेने टक्क असा आवाज काढ आणि लगेच तुकडा टाक, आधी लांब, मग रोज थोडा जवळ. तिला आणखी हवंसं वाटत असतानाच उठ. आणि जवळ आली म्हणून झडप घालून उचलू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लहानपणी कळीसुद्धा बोटांनी उघडायचीस.

ही लाच आहे असं मनात आणू नकोस. ओळखी अशाच होतात.

जखमेला औषध लाव, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
ताई

२ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा उपाय साफ फसला होता. मिरी कपाटावरून उतरायची, कोंबडीचा वास घ्यायची आणि हे तुम्हीच खा अशा चेहऱ्याने निघून जायची. टक्क टक्क करून माझी जीभ दुखली. वर ती फुगत चालली. कपाटावर चढताना मध्ये खुर्चीवर थांबू लागली. हे म्हणाले, क्षमतेपेक्षा वजन जास्त झालंय, आता ही वर जायची नाही.

मग काल डोकं दुखत होतं म्हणून दुपारीच घरी आले. स्वयंपाकघरात लेक जमिनीवर बसलेली, मांडीत मिरी. ती तिला चीजचे तुकडे भरवत होती आणि हळू आवाजात समजावत होती की पोटभर खा, म्हणजे त्यांच्याकडे जावंसं वाटणार नाही.

मला रडू यायला हवं होतं गं, पण आलं हसू. माझी शिकवणी सुरू व्हायच्या आधीच विद्यार्थिनी रोज जेवून बसत होती! मला पाहून लेक आधी पांढरी पडली आणि मग जी रडायला लागली ती थांबेना. हुंदके देत म्हणाली, "मिरी तुमच्याकडे आली नाही तर बाबा तिला पाठवून देणार. आणि आली, तर मग ती आईची राहणार नाही."

एवढंसं पोर, केवढ्या पेचात एकटं बसलं होतं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. म्हटलं की मिरी तुझ्या आईची आणि तुझीच, ती मला नकोच आहे. मला फक्त ओरबाडून घ्यायचं नाहीये. आणि मला हे काही जमत नाही, तर तूच शिकव.

ती नाक पुसून म्हणाली की मिरीला कोंबडी आवडतच नाही, सुकी मासळी लागते. आणि माझा टक्क पालीसारखा येतो, मांजर कशी येईल. संध्याकाळभर मला टक्क करायला शिकवत होती. हे आले तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर जिभा वाजवत बसलो होतो. त्यांनी कबूल केलं की मिरी या घरातून हलणार नाही, आणि चहा स्वतःच टाकला.

तुझ्या धाकटीला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
धाकटी

१० जुलै

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दवाखान्यात सगळ्यांचे डोळे पुसून झाले, मग सगळ्यांनी पालीसारखा टक्क करून पाहिला. चीज बंद करा, आणि जेवढी मासळी खाऊ म्हणून द्याल तेवढं रात्रीचं जेवण कमी करा, नाहीतर मिरीला तुझ्या यांच्या लिफ्टनेच वर चढवावं लागेल.

शिकवणारी तू नाहीस हे कळलंच, तेव्हा पुढची हकिकत मला तिच्याकडूनच हवी. तिला सांग, मावशी पत्राची वाट बघते आहे.

सगळ्यांना जपा, आणि आम्हालाही मनात ठेवा.
तुझी,
ताई

९ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (हे विचारून लिहिलं आहे.)

मिरी आता टक्क केलं की येते, बस म्हटलं की बसते आणि उजव्या पायाने टाळी देते. डाव्याने देत नाही. बारीक झाली आहे, कपाटावर एका उडीत जाते.

रविवारी ती पहिल्यांदा आपणहून तुमच्या बहिणीच्या मांडीवर जाऊन झोपली. त्या अजिबात हलल्या नाहीत. दूध उतू गेलं, पायाला मुंग्या आल्या, तरी नाही. शेवटी बाबांनी येऊन गॅस बंद केला. मला वाटलं होतं की मला वाईट वाटेल, पण हसूच आलं. मिरी झोपायला माझ्याच पायाशी आली. नंतर त्यांनी विचारलं म्हणून मी आईने मिरीला कशी आणली ती सगळी गोष्ट सांगितली. बाबांना माहीत नव्हतं तेसुद्धा सांगितलं.

आता माझं एक काम आहे. त्यांना हे पत्र दाखवू नका. त्यांनी शाळा सुटल्यावर मला न्यायला यावं असं मला वाटतं. दुकान शाळेच्या वाटेवरच आहे, पण मी नको म्हणेन असं त्यांना वाटतं, म्हणून त्या विचारत नाहीत. तर त्यांना खायला काय आवडतं ते कळवा. बाबा म्हणतात सगळंच आवडतं, पण तसं कुणी नसतं. मी डब्यातून थोडं थोडंच नेईन. आधी विचारलेलं बरं. भलतंच दिलं की पुन्हा जवळ यायला फार दिवस लागतात.

उत्तर लवकर पाठवा, आणि माझ्यावरही लोभ सुरू करा.
तुमची,
मिरीची बाई