दोन चाव्यांची तिजोरी आणि इयत्ता चौथी

पूर्णा, मंगळवार

आदरणीय मेहुणे धम्मानंद गुरुजी यांस,
पूर्णेहून तुमच्या दाजीचा सप्रेम जयभीम.

कुर्रर्र, कुर्रर्र, आणि मग खडाक. हा आवाज तुम्ही कधी ऐकला नसेल, कारण तुम्ही शाळेत गेलात आणि मी रेल्वेत. मीटरगेजच्या दिवसांत आमच्या बुकिंग ऑफिसात एक काळी तिजोरी होती. तिला दोन चाव्या. पहिली कुर्रर्र मोठ्या बाबूंची, दुसरी स्टेशनमास्तरांची, आणि खडाक तिजोरीचा स्वतःचा. मागेच रेल्वेची शाळा. तिजोरी उघडायची वेळ आणि पोरांचा कवितेचा तास एकच. कितीदा तरी असं व्हायचं, की इकडं खडाक वाजलं आणि तिकडं नेमकं त्याच ठोक्यावर कडवं संपलं. माझा तिकीट देणारा हात तसाच थांबायचा, आणि खिडकीबाहेरचा माणूस म्हणायचा, "ओ बाबू, गाडी चाललीया माझी." (ती खरंच गेलेली असायची.)

असो. तुमचा गुडघा कसा आहे? तुमच्या मनिषाची परीक्षा कशी गेली? येलदरी धरणात यंदा पाणी बरं आहे असं पेपरात वाचलं, वाचून गार वाटलं. तुमची ताई आठ दिवसांपासून तिकडं जिंतूरला आहे. तिची प्रकृती विचारत नाही, ती उत्तमच असणार. माझ्यावर रुसली की तिला दोन वेळची भूक चांगली लागते. हे मी फोनवरही बोललो असतो, पण तुमच्या घरचा फोन हल्ली ताईच उचलते, आणि माझा आवाज ऐकून "रॉंग नंबर" म्हणते. म्हणून पत्र, आणि तेही तुमच्या शाळेच्या पत्त्यावर. कृपया शाळेतच वाचावं.

ताईनं तुम्हाला काय काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. आता माझी बाजू ऐका. सगळं सुरू झालं शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या चोरीपासून. आमच्या गल्लीची रीत तुम्हाला ठाऊक आहे: गावाला जाणाऱ्यानं आपली पत्र्याची पेटी शेजारी ठेवून जायचं. लक्ष्मीबाई भाचीच्या लग्नाला नांदेडला गेल्या, पेटी आमच्याकडं. चोर आले, सगळं घर उलथलं, काही सापडेना. तेव्हा त्यांनी लक्ष्मीबाईंच्याच गॅसवर चहा केला आणि जाताना गाळणी घेऊन गेले. गल्ली हसली. तुमची ताई हसली नाही. तिचं म्हणणं असं, की आता चोरांना कळलं, पेटी शेजारी असते. म्हणजे पुढची पाळी आपली. तिच्या पाटल्या, आईच्या पुतळ्या, घराचा कागद, सगळं कपाटात, आणि कपाटाची चावी कपाटावर. तेव्हा तिजोरी घ्यायची, असं तिनं ठरवलं. मी लगेच हो म्हणालो. मी एवढ्या लगेच हो म्हणत नाही, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

माझं कारण वेगळं होतं, ते तुम्हालाच सांगतो. माझी कवितांची वही तुम्ही पाहिली आहे. लहानपणी आमच्या घरी पुस्तक विकत यायचं नाही. सोबत्याचं पुस्तक दिवेलागणीपर्यंत मिळायचं, तेवढ्यात मी कविता उतरून घ्यायचो. पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्या. (गणित उतरून घ्यावं असं कधी वाटलं नाही, त्याचा परिणाम दहावीच्या निकालात दिसला.) ती वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती. उन्हाळ्यात काढली, तर वाळवी लागलेली. तिनं पहिली ते तिसरी चाखून सोडली, चौथी मात्र जवळजवळ पूर्ण खाल्ली, पाचवी अर्धी. चौथीच्या पानांची फक्त डावी कड उरली आहे, म्हणजे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर. गुरुजी, मी त्या ट्रंकेपाशी बसून राहिलो. सत्तर ओलांडलेल्या माणसानं तळ्याकाठच्या बगळ्याच्या कवितेसाठी डोळे पुसावेत, हे कुणाला सांगणार? पण मनाशी ठरवलं. त्या पहिल्या अक्षरांना धरून मला ओळ आठवते. बोट ठेवलं की ओळ येते, वही नसली की येत नाही. डोकं शाबूत आहे तोवर सगळी चौथी पुन्हा लिहून काढायची, आणि तोवर वही अशा ठिकाणी ठेवायची जिथं वाळवी, पाणी, आग, काही पोचणार नाही.

तर आम्ही बसनं परभणीला गेलो. दुकानदार भागवत म्हणून, तरणा, बोलायला गोड. त्यानं पाणी दिलं आणि विचारलं, "काका, घरगुती दाखवू का ऑफिसची?" मला वाटलं होतं तिजोरी म्हणजे तिजोरी. तसं नसतं. घरगुती म्हणजे भिंतीत बोल्टानं बसवायची, दोन उशा एकावर एक ठेवल्या एवढी, पुढं आकड्यांची बटणं. दागिन्याला उत्तम, बाईमाणसाला एका बोटानं उघडते. पण पत्रा पातळ. घराला आग लागली तर आत ठेवलेल्या कागदाचा पापड होतो. ऑफिसची म्हणजे कमरेइतकी उंच, जाड भिंती, भिंतींच्या पोटात आग अडवणारा मसाला. तासभर आगीत राहिली तरी आतला कागद जसाच्या तसा. वजन पावणेतीनशे किलो. आणि चाव्या दोन. दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे एकट्याचं काही चालत नाही. भागवतनं चाव्या लावून दाखवल्या. कुर्रर्र, कुर्रर्र, खडाक. गुरुजी, मी तिथंच विकला गेलो.

ताईनं घरगुतीवर बोट ठेवलं. मी ऑफिसचीवर. भागवतनं विचारलं, "काका, ठेवायचं काय हाय तुमाला?" आता दुकानात चार लोकांसमोर बगळा म्हणू? मी म्हणालो, महत्त्वाची कागदपत्रं. मग मी बोलतच सुटलो. म्हणालो, छोटी तिजोरी चोर काखेत मारून नेईल, ही न्यायला त्याला क्रेन लागेल. रेल्वेचा चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो, म्हणालो, दोन चाव्यांशिवाय सुरक्षा नाही. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "घरात माणसं दोन अन् चाव्या दोन. मंग हे घर हाय का तिकिटाची खिडकी?" भागवत हसला. मी हसलो नाही, कारण निश्चय झालेला माणूस हसत नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि पूर्णा येईपर्यंत खिडकीशीच बोलली.

तिजोरी आली त्या दिवशी गल्लीत शाळा सुटल्यासारखी गर्दी. सहा हमाल, दोन फळ्या, एक दोर. बैठकीच्या दारात ती अडकली, तेव्हा चौकट काढली. आतल्या खोलीकडं सरकवायला गेलो तर फरशी कडकडली, म्हणून टीव्हीच्या जागी बैठकीतच ठेवली. टीव्ही आता तिच्यावर आहे. बातम्या मान वर करून पाहाव्या लागतात. लक्ष्मीबाई पेटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दाजी, आता आमचं बी ठिवा, एवढी जागा हाय तर." त्यांच्या मागून आणखी तिघी. तिसऱ्या दिवशी आमच्या तिजोरीत चार पेट्या, एक जमिनीचा नकाशा आणि कुणाची तरी लग्नातली साडी होती. वहीला जेमतेम कोपरा मिळाला.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे ताई जिला चूक म्हणते ती. मी रेल्वेचा नियम लावला: एक चावी माझ्याकडं, एक तिच्याकडं, आणि एकानं दुसऱ्याची चावी घ्यायची नाही, ठेवायची जागाही विचारायची नाही. रोज सकाळी दहाला दोघांनी मिळून उघडायची. ती कणकेचे हात पुसत यायची, चावी फिरवायची, मी पिवळ्या फडक्यातली "कागदपत्रं" काढायचो आणि ती परत जायची. तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. माझं काम मात्र, स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओळी म्हणत, झपाट्यानं चाललं होतं. बगळा रोज म्हणायचो, पण लिहायला शेवटी ठेवला होता; तो सोडून चौथीच्या पाच कविता लिहून झाल्या. मग पौर्णिमा आली. विहारात कार्यक्रम, तिला पाटल्या घालायच्या होत्या. मी नेहमीसारखा प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसायला गेलो होतो, चावी खिशात. समोर मालगाडी लागली, डबे मोजता मोजता पाचवीतली एक ओळ सापडली, आणि तिचा पाठलाग करण्यात संध्याकाळ गेली. ताई काचेच्या बांगड्या घालून विहारात गेली. बायकांनी विचारलं, "सत्यशीलाबाई, एवढी मोठी तिजोरी घेतली अन् हात मोकळे?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिंतूरच्या बसमध्ये बसली. तिची चावी तिच्या कनवटीला.

आता सांगा गुरुजी, यात माझं काय चुकलं? (उत्तर द्यायची गरज नाही.) वही आत आहे, लक्ष्मीबाई रोज आपली पेटी मागायला येतात, आणि मी त्यांना रेल्वेचे नियम समजावतो. ते सगळं मी सोसेन. पण परवा सकाळी उठलो आणि बगळ्याच्या कवितेचं तिसरं कडवं डोक्यातून गेलेलं. काल चौथं डळमळायला लागलं. ओळीचं पहिलं अक्षर दिसलं असतं तर सापडलं असतं. उशीर झाला तर ती कविता माझ्यापुरती तरी संपेल. म्हणून निश्चयानं सांगतो: तिजोरी मी परत करणार नाही, लहान तर मुळीच आणणार नाही, आणि दोन चाव्यांचा नियम मोडणार नाही. फक्त एक नड म्हणून, ताईच्या नकळत, तेवढी चावी पाठवून द्यावी. वहिनींना नमस्कार, मनिषाला आशीर्वाद.

तुमचा दाजी,
सिताराम

ता. क. चावी ताईच्या नकळत काढणं कठीण जाईल हे आता लक्षात आलं. नियम तसा दोन्ही चावीधारकांनी जातीनं हजर राहण्याचा आहे. तेव्हा चावी एकटी न पाठवता चावीधारकासह पाठवावी. त्यांना म्हणावं, नियमात बदल करण्याचा विचार चालू आहे.

ता. क. आणखी एक. वर तिजोरी, वही, कविता असं बरंच लिहिलं आहे, ते सगळं खोडलं तरी चालेल. घर लय शांत वाटायलंय. सकाळी दहाला मी तिजोरीपुढं उभा राहतो, माझी चावी फिरवतो, एकच कुर्रर्र होते आणि पुढं काहीच होत नाही. तिला घेऊन या.

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात दार वाजलं. मला वाटलं लक्ष्मीबाई, म्हणून नियम तोंडात तयार ठेवूनच उघडलं. दारात परभणीचा भागवत, मागं टेंपो, टेंपोत एक घरगुती तिजोरी, आकड्यांच्या बटणांची. मी म्हणालो, पत्ता चुकला. तो म्हणाला, "न्हाई काका, काकू काल सोता आल्त्या दुकानात. सोनं ह्याच्यात, सयपाकघराच्या भिंतीला बसवायची, आकडा त्यांचा त्या घालतील. मोठीला हात लावू नका म्हणल्या, ती काकांच्या वहीची हाय." मग त्यानं खिशातून रुमाल काढला. रुमालात तिची चावी आणि शाळेच्या वहीचा एक फाडलेला कागद. तुम्हाला ठाऊकच असेल, मला कधी विचारायचं सुचलं नाही: तुमची ताई चौथी शिकली आहे. माझीच चौथी, तेच पुस्तक. कागदावर तिच्या हातानं बगळ्याची अख्खी कविता आहे, सहाच्या सहा कडवी. खाली लिहिलंय, भिंतीला बोल्ट बसले की फोन करा, मग येते. भागवत दारातच उभा आहे, भिंत कोणती ते विचारतो आहे, तेव्हा थांबतो. फक्त एवढंच, की दुसऱ्या कडव्यातली एक ओळ मी साठ वर्षं चुकीची म्हणत आलो, तिनं लिहिलेली बरोबर आहे. हे कृपया तिला सांगू नये.