संगणक कक्षाचे चौदा नियम

सोमवार, १७ नोव्हेंबर

काळुराम सरांना चौदा नियम हवेत. दहात भागणार नाही का, विचारलं. मुख्याध्यापकांच्या खुर्चीतून उत्तर आलं, "पेणच्या त्या शाळेनं बारा लावलेत, बाई." म्हणजे आपले चौदा!

दहा संगणक आलेत, एका कंपनीनं दिलेले. इंटरनेटची तारही आली. संगणक शिकवणार प्रणित सर – विज्ञानाचे, वय सव्वीस. पण नियम मी लिहायचे, कारण मराठी माझ्याकडे आणि अक्षरही माझंच बरं. प्रणित सरांनी दोन सुचवले – पेन ड्राइव्ह आणू नये, आणि पोरांनी हात धुऊन यावं. बाकी बारा माझ्या डोक्यावर.

शाळेतून घरी परत येताना गडबपासून नागोठण्यापर्यंत एसटीत उभी होते. तेवढ्यात सहा सुचले. मग बसायला जागा मिळाली आणि रोह्यापर्यंत एकही सुचला नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

झाले लिहून. पहिला काळुराम सरांनी सांगितलेला – "चपला-बूट कक्षाबाहेर काढावेत." म्हणाले, देवळात जातो तसं जायचं. चौथा – संगणकासमोर काही खाऊ नये. पाचवा – नोंदवहीत नाव, वेळ, संगणकाचा नंबर आणि कारण लिहावं.

अकरावा मला फार आवडला. "इंटरनेटचा वापर केवळ अभ्यासासाठी करावा. अयोग्य माहिती शोधणाऱ्या विद्यार्थ्यास वर्षअखेरपर्यंत कक्षात प्रवेश मिळणार नाही." मोठ्यानं वाचून पाहिला. काय वजन आलंय वाक्याला!

चौदावा काही केल्या सुचेना. लिहिलं – वरील सर्व नियम पाळावेत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

उद्घाटन झालं. नारळ दारातच फोडायचा होता. पाणी आत उडू नये म्हणून प्रणित सर छत्री उघडून संगणकांपुढे उभे राहिले. पाहुण्यांना वाटलं, तशीच पद्धत असते.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कक्षातून किंचाळ्या. धावत गेले. आठवीची बारा पोरं एकमेकांचे हात धरून उभी, सगळी अनवाणी. पहिल्यानं संगणकाच्या मागच्या पत्र्याला बोट लावलं की शेवटचा उडी मारतो. काय चाललंय विचारलं, तर साहिल म्हणतो, "बाई, करंट कुठवर जातो ते बघतोय. अभ्यास हाय."

शेवटून दुसरा ऋत्विक. त्याची तक्रार वेगळीच – "बाई, मला कायच लागत नाय. हा साहिल मधेच हात सोडतो."

कक्ष बंद केला. मला मात्र घरी येईपर्यंत घाम फुटत होता. हसूही येत होतं. दोन्ही एकदम येतं हल्ली.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पेणहून नाथा आला, वायरमन. पाच मिनिटांत निदान. "अर्थिंगच नाय, बाई. आणि वर पोरं अनवाणी. हे कोणाचं डोकं?"

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर नियम क्रमांक एक, माझ्या सुंदर अक्षरात. सर पंख्याकडे बघत होते.

खड्डा खणायचा, त्यात पट्टी पुरायची, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, वरून पाणी. जमीन ओली आणि खारट राहिली की करंट मुकाट्यानं जमिनीत जातो. किती मीठ, तर दोन घमेली. हे ऐकायला मैना खिचडीचा झारा हातात घेऊन आली होती. ती शाळेची खिचडी शिजवते, आणि नववीतल्या भाविकाची आई. म्हणाली, "माझी दीडशे पोरं मूठभर मिठात जेवतात. हा गडी एकटा दोन घमेली खातो?"

दुपारी मीठ तिनंच आणलं, भावाच्या मिठागरातून. रिक्षातून उतरवून गोण एका हातानं ओढत होती. मी दुसरं टोक धरलं.

"गेल्या सालचं हाय," म्हणाली. "चालंल ना? नायतर म्हणाल, मैनानं शिळं घातलं."

नियम एकवर पांढरा कागद चिकटवला. आता वाचायचं असं – "चपला घालूनच कक्षात प्रवेश करावा." सर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

प्रणित सरांनी सरांना हिस्टरी दाखवली. कोणत्या संगणकावर कोणी काय शोधलं ते सगळं तिथं साठतं. तेव्हापासून सर शाळा सुटल्यावर चहा घेऊन बसतात आणि पेपर वाचावा तशी हिस्टरी वाचतात. अधूनमधून मलाही ऐकवतात. "गडब ते चंद्र अंतर." "सुट्टीचा अर्ज आजोबा वारले." "आजोबा दुसऱ्यांदा वारले अर्ज."

"हे नियम अकरात बसतं का, बाई?"

म्हटलं, अर्जलेखन अभ्यासक्रमात आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

आज हसले नाही.

सरांनी बोलावून घेतलं. पडदा माझ्याकडे वळवला. "तुम्हीच वाचा. मी बाहेर उभा राहतो." आणि खरंच बाहेर जाऊन उभे राहिले.

संगणक क्रमांक सहा. बायकांच्या छातीत गाठ. स्तनात गाठ दुखत नाही. दुखत नाही म्हणजे चांगलं का वाईट. घरी हातानं कसं तपासायचं. डॉक्टर बाई असते का.

नोंदवहीत त्या वेळेला भाविकाचं नाव. कारण – विज्ञान.

सर आत आले ते बोलतच. "मुलीच्या जातीला असले शब्द? आणि शाळेच्या संगणकावर? नियम अकरा, बाई. तुमचाच आहे. वर्षअखेरपर्यंत."

यात अयोग्य काय आहे, एवढंच विचारायचं होतं मला. पण सरांचे कान लाल झाले होते, आणि खरं लिहायचं तर माझेही. पंचेचाळिसाव्या वर्षी, दोन बाळंतपणं होऊन, मला तो शब्द सरांसमोर उच्चारता येईना. भाविकाला वर्गासमोर उभं करून कक्षबंदी सांगितली. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

बुधवार, ३ डिसेंबर

मधल्या सुट्टीत भाविकाला वाचनालयात घेऊन बसले. वाटलं, पोरीलाच काही झालंय. कसं विचारायचं याची मनात तीनदा जुळवाजुळव केली आणि शेवटी विचारलं, "तुला काही होतंय का गो?"

"मला नाय, बाई. आईला."

पाठ चोळायला आईनं हाक मारली तेव्हा डाव्या काखेजवळ गाठ दिसली. आई म्हणे, वर्ष झालं असेल. घरात मोबाइल एकच, तो दादा कंपनीत नेतो, आणि त्याच्यावर शोधलं तर त्याला दिसणार. म्हणून शाळेचा संगणक. कंपासपेटीतून तिनं चौघडी केलेला कागद काढला. कसं तपासायचं ते पडद्यावरून उतरवलेलं, पायरी पायरीनं, आणि आईला वाचता येत नाही म्हणून शेजारी चित्रं. हाताची बोटं फार छान काढली होती.

"आई काय म्हणाली?"

"शिव्या दिल्या. म्हणाली, माझी छाती तू शाळेच्या कंप्युटरवर शोधलीस? आता तो काळुराम बघंल."

मी कागदात तोंड लपवून हसले. मग ती पण.

गुरुवार, ४ डिसेंबर

मैना मोठं पातेलं घासत होती. शेजारी उकिडवी बसले.

"भाविकानं सांगितलं मला."

"तिला तोंड हाय लांब. मना काय धाड नाय, बाई. दुखत पण नाय."

"दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवं. पेणला जाऊ उद्या."

"पेणला? पेणच्या बाजारात आमच्या गावच्या बायका बसतात. मी दवाखान्याची पायरी चढली की उतरायच्या आत गावात रडारड सुरू व्हईल."

"मग रोह्याला चल. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत. रोह्यात तुला कोणी ओळखत नाही."

"तुम्हाला तरी कोण ओळखतं? रोह्याच्या भाईर वरशाला राहता, शाळेत इथं मरता."

बरंय, हेही ऐकून घेतलं. मग तिनं पातेलं पालथं घातलं आणि अट सांगितली. "पोरगी माझ्यापायी भाईर बसली. सगळ्या पोरी तिला विचारतात, काय घाण बघितलंस. ती आत गेली की मी गाडीत बसंन. तवर नाय."

विनवलं, रागावले, डॉक्टर काय म्हणतील याची भीती घातली. पातेलं उचलून निघून गेली. उजव्या हातानं. गोणही उजव्याच हातानं ओढत होती, हे मला आज कळलं.

म्हणजे माझा वजनदार अकरावा नियम आता त्या बाईच्या आणि डॉक्टरच्या मधे उभा आहे.

शुक्रवार, ५ डिसेंबर

एसटीत ते शब्द पुटपुटत गेले. शेजारची बाई सरकून बसली.

सरांच्या खोलीत प्रणित सरही होते. ठरवलं होतं, म्हणून बोलले. "सर, स्तनातल्या गाठीबद्दल विचारणं अयोग्य कसं?" म्हटलं आणि छत काही कोसळलं नाही.

"नियम सगळ्यांना सारखा, बाई. अभ्यास म्हणजे अभ्यास."

प्रणित सर बिचारे निरागस. म्हणाले, "सर, सारखाच म्हणाल तर उद्घाटनाच्या संध्याकाळचं पण एक आहे हिस्टरीत. 'टक्कल पडणे सात दिवसांत थांबवा.' पाच वेळा शोधलंय. नोंदवहीत मात्र कोणाचं नाव नाही."

सरांचा हात डोक्याकडे निघाला आणि अर्ध्यात थांबला.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं. माणूस एकटाच चहा घेऊन बसला असेल, दार लोटून, कोणाला विचारता येत नाही ते विचारत. भाविकानं तेच केलं. हळूच म्हटलं, "शरीराचं कोणाला विचारायचं, सर? घरी बोलत नाहीत, आपण शाळेत बोलत नाही."

मग त्यांनी विचारलं, "कोणाला आहे?"

"ते सांगता येणार नाही. पण तुमचा नियम मोडल्याशिवाय ती डॉक्टरकडे जाणार नाही म्हणते."

"माझा नियम? अक्षर तुमचंय."

"हो. माझाच."

"मग तुम्हीच बदला."

लिहिलं – "स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या तब्येतीविषयी शोधणं हा अभ्यासच आहे." सरांनी चष्मा लावून वाचलं, माझ्याच पेनानं खाली भर घातली – "अशा वेळी नोंदवहीत कारण लिहिण्याची गरज नाही." अक्षर गिचमिड आहे. तसंच ठेवलं.

शेवटच्या तासाला सरांनी स्वतः नववीत जाऊन सांगितलं, भाविकाची काही चूक नव्हती, चूक आमची झाली. "आमची" म्हणताना माझ्याकडे बघितलं ते बघितलंच!

सोमवार, ८ डिसेंबर

मैना रोह्याला आली. ठेवणीतली साडी, डोक्यात अबोली. म्हणाली, भावकीत लग्न हाय म्हणून सांगून निघाले.

डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, मग सोनोग्राफीला पाठवलं. मी दाराबाहेर. आतून हिचा आवाज – "ओ ताई, हा चिखल कसला गार? आमच्या मिठागरात पण एवढा गार नसतो." मग थोड्या वेळानं, "हे टीव्हीत दिसतंय ते माझंच का? आमचे सर बघत नाय ना कुठून?"

सुईनं नमुनाही घेतला. गुरुवारी कळेल.

परतीच्या गाडीत बसवून दिली. खिडकीतून म्हणाली, "बाई, पोरीला कोण बघंल ह्या विचारानं वर्ष काढलं." गाडी सुटली. मी रिकाम्या फलाटावर मान हलवत उभी राहिले.

गुरुवार, ११ डिसेंबर

साधी गाठ. काळजीचं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी सातवीला कविता शिकवत होते. वर्ग तसाच सोडून स्वयंपाकखोलीत गेले. मैनानं ऐकलं, झारा खाली ठेवला आणि जमिनीवर बसली. मीही बसले. दोघी चुलीकडे तोंड करून रडलो.

आज खिचडीत मीठ पडलंच नाही. दीडशे पोरांनी तक्रार केली. सरांनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली. त्यांना कळलंय, मला वाटतं.

शनिवार, १३ डिसेंबर

सहा नंबरच्या संगणकावर नववी-दहावीच्या मुलींचा घोळका. मधे भाविका, मास्तरीणबाईच्या थाटात. नोंदवहीत ओळीनं अकरा नावं, कारणाचा रकाना कोरा.

तिनं तो चित्रांचा कागद पुन्हा काढून काढून वाटलाय. एक माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, तुमच्या आईसाठी घ्या. आणि तुम्ही पण बघा." म्हटलं, मला कुठला वेळ? तर म्हणते कशी, "आंघोळ तर करता ना?"

आगाऊ आहे. आईवर गेलीय.

रविवार, १४ डिसेंबर

कागदात दाखवलंय तसं केलं. तीन बोटं जुळवून, सपाट, बाहेरून आत. डावीकडे, खालच्या बाजूला. हरभऱ्याएवढी. दुखत नाही.

ह्यांची सकाळची शिफ्ट होती. संध्याकाळी आले, जेवले, मी त्यांना सांगितलं नाही.

मग भाविकाच्या दादाला फोन लावला. आईला दे म्हटलं. मैनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या पयल्या गाडीनं येते. तुम्ही स्टँडवर थांबा, दवाखान्यात एकटी जाऊ नका."