पाळण्यापासून मनगटापर्यंत

उमरी,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय आई, पाया पडते.

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. सत्यम आता स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घालायला शिकलाय. सोमेशच्या टेम्पोला सोयाबीनच्या पोत्यांमुळे उसंत नाही. उद्या तो लातूरला निघालाय, जाता जाता चाकूरला थांबून हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला जेवू घालूनच पाठव. भूक लागली तरी तुझा जावई तोंडाने सांगायचा नाही.

रविवारी येऊन सत्यमला घेऊन जाते, बोलायला लागेपर्यंत माझ्याकडे राहू दे, असं तू लिहिलंस. मला ऐकू येत नाही म्हणून, हे तू लिहिलं नाहीस. त्याचं उत्तर देते, पण आधी दुसरंच सांगते.

मला ओठ वाचायला शिकवणाऱ्या शाळेतल्या महामायाबाई आठवतात ना? मी त्यांना मेसेज केला होता. त्यांनी एक खोकं पाठवलंय. आत भोकंच भोकं असलेली पांढरी पट्टी आहे, तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. भोकांत वायरी नुसत्या खोचायच्या, कथलाचा डाग देऊन चिकटवायच्या नाहीत, चुकलं तर उपसून परत खोचायचं. बाईंनी सांगितलं, आधी एक दिवा लाव, मग पुढचं बघू. अख्खी सकाळ गेली तरी दिवा लागेना. एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात आणि मी दिव्याचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले होते. मग एक पाय पलीकडे नेला, तरी नाहीच. लांब पाय प्लसकडे हवा, मी उलटा लावलेला. तो फिरवला आणि एवढासा लाल दिवा लागला. मी सोमेशला दंडाला धरून ओढत आणून दाखवला. देवघरात याहून मोठा आहे, म्हणाला मेला.

आता त्या पट्टीवर आवाज टिपणारा एक तुकडा बसवलाय. ती पट्टी पाळण्याच्या दांडीला बांधलीय. तिथून लांब वायर निघते आणि तिच्या टोकाला मोबाइलमध्ये थरथरते तसली छोटी मोटर, ती मी फडक्याने मनगटाला बांधते. स्वयंपाकघरात मी दाव्याला बांधलेल्या गाईसारखी फिरते. आवाज झाला की मनगट थरथरतं. पहिल्या दिवशी कुकर, शेळी, शेजारचा मिक्सर, सगळ्यांनी मला पळवलं. घर इतकं बोलतं हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून त्या तुकड्याचा बारीक स्क्रू फिरवून त्याचं ऐकणं कमी केलं. मग वाटलं, फार कमी झालं तर? आणि मी सत्यम रडायची वाट बघत बसले. कुठली आई अशी वाट बघते गं? रडला. थरथरलं. मी पण रडले.

तरी जीव थाऱ्यावर नाही. या वायरी पक्क्या नसतात, पाळणा हलला की निसटतात. सारखी जाऊन एकेक वायर बोटाने दाबून बघते. टाळी वाजवते आणि मनगटाकडे बघते. सेल उतरले तर? मी हात धुताना मोटर सोडून ठेवली आणि विसरले तर?

आता त्या दुपारचं लिहिते, हे खोकं यायच्या आधीचं. सासूबाईंनी तुला फोनवर सांगितलंच असेल. मी अंगणात कपडे धूत होते, पाठ घराकडे होती. सत्यमचा पाय पाळण्याच्या दोरीत अडकला आणि तो उलटा लोंबकळत राहिला. किती वेळ, मला माहीत नाही. सासूबाई रानातून आल्या, त्यांनी सोडवला. मी वळले तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर होता, चेहरा काळानिळा. पुढे दोन दिवस त्याचा घसा बसलेला होता, हेसुद्धा मला सोमेशने सांगितलं. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. ओठ मिटूनच राहिल्या, मला वाचायला काही ठेवलंच नाही. आई, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल मी भाकरी थापत होते. मनगट थरथरलं. पिठाच्या हाताने धावले, तर सत्यम गाढ झोपलेला आणि पाळण्यापाशी सासूबाई उभ्या. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी वायरी दाबायला लागले तर त्यांनी माझा हात धरला आणि सावकाश, मला नीट दिसेल असं बोलल्या.

"म्या हाक मारली तुला, सिंधु. बघाव म्हनलं, येतीस का."

या घरात मला खांद्याला हात लावून बोलावतात, नाहीतर लांबून पदर हलवतात. हाक मारून कुणी बोलावलं आणि मी गेले, असं कधीच झालं नव्हतं.

म्हणून उत्तर असं आहे. सत्यमला मी देणार नाही. भीती गेली म्हणून नाही, ती आहेच, तुझ्याकडे तो असला तर इथे मला चौपट वाटेल. रविवारी तू ये, त्याला न्यायला नको, राहायला ये. आलीस की सरळ पाळण्यापाशी जा आणि मला हाक मार. मला ऐकू येत नाही हे कळायच्या आधी तू मला किती हाका मारल्या असशील, मी एकदाही वळले नसेन.

या वेळी येईन.

तुझी,
सिंधु