मायुमीच्या हातांसाठी क्रीम

१२ ऑक्टोबर
आजपासून रोज लिहिणार. शाळा तिसरीत सुटली, पण अक्षर अजून गोल येतं. बातमी म्हणजे मायुमी आली! माझी नात, मनिलात नर्स. तीन नोव्हेंबरला रियाधला जाणार, दोन वर्षांसाठी. हात बघितले तिचे. धुऊन धुऊन नुसत्या भेगा. क्रीम लावते म्हणे. डबी घेतली, चष्मा लावला, मधलंच एक नाव जुळवून वाचलं. स्टिअरिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड! मेल्चोरच्या पँटवर जीपच्या बॅटरीतलं सांडलं होतं, केवढं भोक पडलं. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, पँटची हळहळ अजून आहे. डबी तांदळाच्या पिंपात लपवली.

१३ ऑक्टोबर
डबी सापडली. भात मीच करायला सांगितला होता. मायुमी हसून हसून जमिनीवर बसली. आजीला आमच्यात लोला म्हणतात. म्हणाली, लोला, हे भाजणारं नाही गं, तेलातुपातलंच आहे, आपल्या नारळातसुद्धा असतं थोडं. क्रीमला घट्टपणा येतो त्याने. घ्या! नारळात माझा जन्म गेला आणि क्रीम दुकानातून? मीच करणार. तिकडे माझा हात तिच्या हाताला लागायचा नाही, निदान माझं क्रीम तरी लागेल.

१५ ऑक्टोबर
चोलेंगकडे गेले. माझ्या मोठ्या मुलाच्या बाप्तिस्म्यातली धर्ममाता ती, म्हणून आम्ही एकमेकींना कुमारे म्हणतो आणि वाट्टेल ते बोलतो. एक तारखेला आपापल्या माणसांच्या कबरींवर दिवे लावायचा सण, त्यासाठी मेणबत्त्या ओतत बसली होती. तिच्याकडे त्या स्टिअरिकचंच पोतं, पांढरे पापुद्रे. म्हणाली, कुमारे, माझ्या मेणबत्त्या ताठ उभ्या राहतात त्या याच्यामुळे, तुला चमचाभर पुरे. चोलेंगचा हात पहिल्यापासून आखडता. मी पातेलंभर आणलं.

१८ ऑक्टोबर
तेल, पाणी, चमचाभर पापुद्रे. आमटी झाली. मांजराने हुंगलं आणि माझ्याकडे बघितलं. दोष पाण्याचा.

२१ ऑक्टोबर
पाणी निम्मं, पापुद्रे दोन पळ्या. खीर. सुधारणा आहे.

२६ ऑक्टोबर
पाणी बंद! पळ्या सहा. जमलं! काचेच्या दहा बरण्या भरल्या. एक उलटी धरली, थेंब पडला नाही. चोलेंगला दाखवायला नेली. तिने बरणीवर टकटक केलं, आत कोण आहे विचारलं. बोलणं बंद केलंय तिच्याशी.

२७ ऑक्टोबर
बोट घातलं. नख मोडलं. मुरायला वेळ लागतो.

३० ऑक्टोबर
चमचा वाकला. उन्हात ठेवल्या तर मऊ होतील. आज नेमकं ऊन नाही.

१ नोव्हेंबर
सगळं गाव स्मशानात. खुर्च्या, पत्ते, केळीच्या पानातला गोड भात, सगळं नेलं. मेणबत्त्या नाहीत. चोलेंगकडून घेणार कशा, अबोला ना! मेल्चोरच्या कबरीवर अंधार राहणार म्हणून मला रडूच आलं. मायुमीने पिशवीतून माझ्या बरण्या काढल्या. न विचारता आणल्या होत्या! खिळा तापवून भोकं पाडली, सुतळी घातली, काडी ओढली. वारा एवढा की चोलेंगच्या मेणबत्त्या पटापट विझल्या. माझं क्रीम काचेआड मजेत जळत होतं. चोलेंग ओरडली, कुमारे, आता मेल्चोर तिकडे गोरा होणार गं! सगळी रांग हसली. मी तर उचकी लागेपर्यंत. मग मेलीने आपल्या आईच्या कबरीसाठी दोन बरण्या मागितल्या. दिल्या.

३ नोव्हेंबर
गेली. एक बरणी स्वतः मोज्यात गुंडाळून नेली. म्हणाली, लोला, तिकडे तुझी आठवण आली की पेटवीन. मी म्हटलं, अगं क्रीम आहे ते. बरं म्हणाली आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले.
दुकानातली डबी माझ्यासाठी ठेवून गेलीय. बघावं म्हणून लावली. हात लोण्यासारखे झाले. म्हणून आज वरपासून जुळवून वाचलं. स्टिअरिक अ‍ॅसिड पाचवं. पहिलं नाव, पाणी.
छापणाऱ्याची चूक असणार.
अजून थोडं लावलं.